ब्रिटनची कौटुंबिक सहल: विमान आणि रेल्वे यांची सांगड कशी घालावी

सहल कंपनीशिवाय, स्वतःच आखणी करून ब्रिटनला जायचे ठरले की बहुतेक घरांत सर्वांत आधी मुंबई–लंडन–मुंबई असे परतीचे विमान तिकीट काढले जाते आणि मग त्या दोन तारखांच्या मध्ये एडिंबरा, यॉर्क, बाथ वगैरे गावे कशी बसतील याची जुळवाजुळव सुरू होते. हा क्रम उलटा आहे. ब्रिटन हा दक्षिणोत्तर लांबट देश असून त्याच्या मुख्य रेल्वेमार्गांपैकी बरेचसे लंडनपासून फाकत जातात. त्यामुळे आधी रेल्वेचा मार्ग कागदावर आखावा, तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहावे आणि मगच विमान कुठे उतरायचे व कुठून परतायचे ते ठरवावे. या एका निर्णयाने सहलीचा जवळजवळ एक पूर्ण दिवस आणि घरातल्या सगळ्यांच्या एका लांब रेल्वेप्रवासाचे भाडे वाचते.

पुढील विवेचनासाठी एक नमुना समोर ठेवू: आजी-आजोबा, आई-वडील आणि ८ व १२ वर्षांची दोन मुले असे सहा जणांचे कुटुंब, सुमारे दोन आठवड्यांची सहल, आणि मार्ग लंडन, यॉर्क, एडिंबरा.

तारखा ठरवताना

महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी ब्रिटनच्या सहलीला चांगलीच सोयीची आहे. मे महिन्यात तिथे दिवस मोठा झालेला असतो, हवा बहुधा सुसह्य असते आणि मुख्य म्हणजे तिथल्या शाळा चालू असतात. इंग्लंडमधील शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभी संपते, त्या काळात राहण्याचे दर आणि गर्दी दोन्ही वाढतात. ऑगस्टमध्ये तर एडिंबऱ्यात महोत्सवांचा मोसम असल्याने परवडणारी खोली मिळणे अवघड होऊन बसते. मे महिन्यात दोन तारखा मात्र सांभाळाव्या लागतात. महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार सार्वजनिक सुट्टीचा असतो आणि शेवटच्या सोमवारच्या आठवड्यात इंग्लंडमधील बहुतेक शाळांना सत्राच्या मधली सुट्टी असते.

सार्वजनिक सुट्टीला जोडून येणारा शनिवार-रविवार लांबच्या रेल्वेप्रवासासाठी टाळलेला बरा, कारण रुळांची मोठी कामे याच दिवसांत काढली जातात. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक नवा नाही, पण तिथे अख्खी लांब पल्ल्याची गाडी रद्द करून मधल्या टप्प्यासाठी बस दिली जाते आणि सहा जणांनी बॅगांसकट रेल्वेतून बसमध्ये व बसमधून पुन्हा रेल्वेत चढायचे म्हणजे दिवसाचा विचकाच. लांबचे टप्पे मंगळवार ते गुरुवार या दिवसांत आणि सकाळची गर्दी ओसरल्यानंतर ठेवावेत. नाताळात जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये रेल्वे धावत नाही आणि २६ तारखेला अगदी मोजक्या गाड्या असतात.

मार्ग आखताना

लंडन ते एडिंबरा हे रेल्वेचे अंतर सुमारे ६३० किलोमीटर असून वेगवान गाडीला साडेचार तासांच्या आतबाहेर लागतात. यॉर्क या मार्गावरच आहे. लंडनहून दोन तासांच्या आसपास यॉर्क, आणि तिथून सुमारे अडीच तासांत एडिंबरा. म्हणजे यॉर्कला दोन रात्री राहिल्याने प्रवास वाढत नाही, त्याचे दोन सोपे तुकडे होतात, आणि ज्येष्ठांबरोबर प्रवास असेल तर हे तुकडे मोलाचे ठरतात. लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे वायव्य इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात, जायचे असल्यास मार्ग पश्चिमेचा: लंडन युस्टनहून ऑक्सनहोम आणि तिथे गाडी बदलून २० मिनिटांत विंडरमियर. तिथून पुन्हा त्याच पश्चिम मार्गाने एडिंबरा किंवा ग्लासगो गाठता येते. यॉर्क आणि लेक डिस्ट्रिक्ट ही दोन्ही एकाच सहलीत कोंबण्याचा मोह दोन आठवड्यांत तरी आवरावा.

बाथ, ऑक्सफर्ड, विंडसर, केंब्रिज, तसेच सॉल्सबरीमार्गे स्टोनहेंज ही ठिकाणे लंडनमध्ये मुक्काम ठेवूनच एका दिवसात पाहून परतण्याजोगी आहेत. त्यांच्यासाठी हॉटेल बदलू नये.

एडिंबऱ्याच्या पुढे हायलँड्स, म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग, पाहायचे असतील तर किमान दोन रात्री अधिक हव्यात. ग्लासगोहून फोर्ट विल्यम पावणेचार तासांच्या आसपास आणि तिथून मालेग साधारण सव्वा तास. याच शेवटच्या टप्प्यावर ग्लेनफिनन येथील २१ कमानींचा प्रसिद्ध पूल लागतो. उन्हाळ्यात तिथे जेकोबाइट नावाची वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी धावते, तिचे तिकीट वेगळे आणि महाग असते. स्कॉटरेल या रेल्वे कंपनीची नेहमीची गाडीही त्याच पुलावरून जाते, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुलांना इंजिनाचे विशेष वेड नसेल तर साध्या गाडीने काम भागते.

विमानाचे तिकीट

मार्ग ठरला की विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ‘रिटर्न’ ऐवजी ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडावा. जाताना मुंबई–लंडन आणि येताना एडिंबरा–मुंबई असे एकाच आरक्षणात काढलेले तिकीट अनेकदा लंडनच्या परतीच्या तिकिटाच्या जवळपास पडते. थोडे महाग पडले तरी तुलना करताना एडिंबऱ्याहून लंडनला परतण्याचे सहा जणांचे रेल्वेभाडे आणि लंडनमधील एका जादा रात्रीचा खर्च त्यात धरावा. दोन सुटी एकेरी तिकिटे वेगवेगळी काढणे मात्र लांब पल्ल्यावर बहुधा महागात जाते.

मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळासाठी एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक यांची थेट विमाने दीर्घकाळ आहेत. प्रवास सुमारे १० तासांचा. लंडनखेरीज अन्य शहरांसाठी मुंबईहून कोणते थेट विमान चालू आहे हे तिकीट काढतानाच पाहावे, कारण असे नवे मार्ग सुरू होतात तसे बंदही पडतात. एडिंबरा, ग्लासगो, मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांसाठी दुबई किंवा दोहामार्गे जाणारी विमाने हा भरवशाचा पर्याय आहे. पुण्याहून दुबईला थेट विमान सोयीच्या वेळी मिळाले तर मुंबईपर्यंतचा रस्ता, घाटातली कोंडी आणि रात्रीची धावपळ टळते. पण पुणे–दुबई आणि दुबई–ब्रिटन ही तिकिटे वेगवेगळी काढू नयेत. दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असले तरच पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. आजी-आजोबा आणि मुले बरोबर असताना विमान बदलण्यासाठी दोन ते चार तासांचे अंतर योग्य. दीड तासाची जोडणी कागदावर आकर्षक दिसते, पण व्हीलचेअरची वाट पाहण्यातच त्यातला अर्धा वेळ जातो.

युरोपातील विमानतळावर विमान बदलणार असाल तर भारतीय पारपत्रधारकांसाठी त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचावा. हे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतातही.

तारखेचा घोळ मात्र सर्रास होतो. मुंबईहून अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ मे, ०२:०० असे असेल तर घरून ११ मेच्या संध्याकाळी निघायचे असते. कार्यालयातील रजा, गाडीवाल्याला दिलेली वेळ आणि लंडनच्या हॉटेलचे आरक्षण या तिन्ही ठिकाणी ही तारीख पुन्हा ताडून पाहावी. घड्याळाचे गणितही ऋतूप्रमाणे बदलते: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, एरवी साडेपाच तास.

ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटात तेथील सरकारचा हवाई प्रवास कर असतो. भारतासारख्या अंतरासाठी इकॉनॉमी वर्गात तो १०० पौंडांच्या आसपास जातो, मात्र या वर्गातून प्रवास करणाऱ्या १६ वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. एखाद्या दलालाने दिलेल्या हिशेबात मुलांच्या नावापुढे हा कर दिसला तर विचारणा करावी.

व्हिसा आणि बारा आठवड्यांचा पेच

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेपूर्वी जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि नेहमीच्या प्रक्रियेला साधारण तीन आठवडे लागतात. दुसरीकडे, रेल्वेची स्वस्त ‘ॲडव्हान्स’ तिकिटे बहुधा प्रवासाच्या सुमारे १२ आठवडे आधी विक्रीला येतात. म्हणजे तिकिटे सर्वांत स्वस्त असतात तेव्हा तुमचा व्हिसा हातात नसतो. व्हिसा मिळण्याआधी परतावा न मिळणारा खर्च करू नये, असे ब्रिटन सरकारच सांगते.

यावर तोडगा वेळापत्रकातच आहे. मेच्या मध्यावर निघायचे असेल तर डिसेंबरपर्यंत पारपत्रांची मुदत तपासावी. भारतात १५ वर्षांखालील मुलांचे पारपत्र पाच वर्षांचेच असते, त्यामुळे मोठ्यांची पारपत्रे चालू असूनही मुलांची संपलेली असणे नेहमीचे आहे. जानेवारीत बदलता किंवा रद्द करता येईल असे विमान तिकीट आणि मोफत रद्द होणारी हॉटेले धरून ठेवावीत. फेब्रुवारीच्या मध्यावर, अर्ज करण्याची मुभा सुरू होताच, सर्वांचे अर्ज एकत्र भरून बोटांच्या ठशांसाठी एकाच दिवसाची वेळ घ्यावी. मार्चच्या मध्यापर्यंत निर्णय येणे अपेक्षित असते. त्या वेळी प्रवासाला आठ आठवडे उरलेले असतात आणि मंगळवार-बुधवारच्या दुपारच्या गाड्यांत स्वस्त तिकिटे तेव्हाही सहसा शिल्लक असतात.

रेल्वेचे तिकीट: भाव, सवलत आणि अटी

आपल्याकडे रेल्वेचे तिकीट काढताना चिंता असते ती आरक्षण पक्के होण्याची. ब्रिटनमध्ये प्रतीक्षा यादी हा प्रकारच नाही, तिथे चिंता भावाची. एकाच गाडीच्या एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांच्या तिप्पट भाडे दिलेले असू शकते. भाड्याचे मुख्य प्रकार तीन. ‘ॲडव्हान्स’ सर्वांत स्वस्त, पण ठरलेल्या गाडीपुरतेच. गाडी चुकली तर तिकीट वाया जाते, पैसे परत मिळत नाहीत, फक्त गाडी सुटण्यापूर्वी शुल्क व भाड्यातील फरक भरून वेळ बदलता येते. ‘ऑफ-पीक’ म्हणजे गर्दीची वेळ सोडून कोणत्याही गाडीने जाण्याची मुभा, आणि ‘एनीटाइम’ म्हणजे केव्हाही, अर्थात सर्वांत महाग. लंडन–एडिंबरा मार्गावर एलएनईआर या कंपनीने जुन्या सवलतीच्या लवचीक तिकिटाऐवजी ठरलेल्या गाडीच्या आधीच्या व नंतरच्या ७० मिनिटांतील गाडी चालेल असे तिकीट आणले आहे. बेभरवशाच्या सकाळसाठी ते उपयोगी पडते.

ॲडव्हान्स तिकिटावर प्रवास मध्येच थांबवता येत नाही. म्हणून लंडन–एडिंबरा असे एक तिकीट काढून यॉर्कला दोन दिवस उतरता येणार नाही. लंडन–यॉर्क आणि यॉर्क–एडिंबरा अशी दोन तिकिटे काढावीत.

पाच वर्षांखालील मुले मोफत जातात, पण त्यांना स्वतंत्र आसनाचा हक्क नसतो. लांबच्या प्रवासात मूल मांडीवर घेऊन बसायचे नसेल तर त्याचे लहान मुलाचे तिकीट काढून आसन राखावे. ५ ते १५ वयाला अर्धे भाडे, आणि १६ पूर्ण झाले की रेल्वेच्या लेखी प्रवासी प्रौढ.

आमच्या नमुन्यातल्या कुटुंबाने काहीही झाले तरी घ्यावी अशी वस्तू म्हणजे ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’. एका कार्डावर चार प्रौढ आणि ५ ते १५ वयाची चार मुले प्रवास करू शकतात, प्रौढांना एक तृतीयांश आणि मुलांच्या भाड्यावर ६० टक्के सवलत मिळते. २०२५ मध्ये त्याची वार्षिक किंमत ३५ पौंड झाली. समजा लंडन–एडिंबऱ्याचे प्रौढ ॲडव्हान्स भाडे ५० पौंड आहे. चार प्रौढांचे २०० पौंड होतात, कार्डामुळे त्यातले सुमारे ६६ वाचतात. म्हणजे मुलांची सवलत हिशेबात न धरताही कार्डाची किंमत एकाच प्रवासात वसूल होऊन वर पैसे उरतात. हे कार्ड घेण्यासाठी ब्रिटनचे रहिवासी असावे लागत नाही. अटी मोजक्याच आहेत: कार्डावर ज्यांची नावे आहेत त्या दोघांपैकी एक जण प्रवासात असलाच पाहिजे, किमान एक मूल बरोबर आणि त्याचे तिकीट हवे, आणि लंडन व आग्नेय इंग्लंडच्या हद्दीतल्या प्रवासात कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही. कार्ड फोनमध्ये घेता येते. तपासनीस तिकिटाबरोबर कार्डही मागतो, तेव्हा ज्याच्या फोनमध्ये ते आहे त्याने बॅटरी सांभाळावी.

मुले नसलेल्या जोडप्यासाठी ‘टू टुगेदर’ आणि साठी ओलांडलेल्यांसाठी ‘सीनियर’ ही वेगळी कार्डे आहेत. वरच्या कुटुंबात आजी-आजोबा फॅमिली कार्डातच बसतात, त्यांना वेगळ्या कार्डाची गरज नाही.

ब्रिटनबाहेर राहणाऱ्यांनाच मिळणाऱ्या, ठरावीक दिवस हवा तितका रेल्वेप्रवास करू देणाऱ्या ‘ब्रिटरेल’ पासाची जाहिरात भारतात बरीच होते. रोज सकाळी उठून आज कुठे जायचे ते ठरवणाऱ्या, सतत लांब पल्ले मारणाऱ्या प्रवाशाला तो उत्तम. तारखा ठरलेल्या आणि मोठे टप्पे दोन-तीनच असलेल्या कुटुंबाला ॲडव्हान्स आणि रेलकार्ड ही जोडी बहुतेक वेळा स्वस्त पडते. पासाचे पैसे भरण्यापूर्वी दोन्ही बेरजा शेजारी शेजारी मांडाव्यात.

प्रत्यक्ष आरक्षण करताना

कोणत्याही रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर इतर कंपन्यांची तिकिटेही मिळतात आणि तिथे सेवाशुल्क नसते. मध्यस्थ ॲपवर ते बहुधा लागते. नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर गाड्यांच्या वेळा पाहून घ्याव्यात आणि तिकीट ज्या कंपनीची गाडी आहे तिच्याकडूनच काढावे. चार प्रौढ, दोन मुले, एक फॅमिली रेलकार्ड असे आधीच भरले तरच सवलतीचे भाडे दिसते, नंतर सवलत लावून मिळत नाही.

आसनाचा नकाशा दिसत असेल तर टेबलाभोवतीची चार आसने आणि मार्गिकेच्या पलीकडची दोन निवडावीत. लंडनहून उत्तरेकडे जाताना गाडीच्या दिशेने उजवी बाजू घ्यावी: पीटरबरोचे कॅथीड्रल, पुलावरून दिसणारे डरॅमचे कॅथीड्रल, आणि बेरिक-अपॉन-ट्वीडच्या आगेमागे तासाभराचा समुद्रकिनारा, सगळे याच बाजूला. ‘क्वाएट कोच’, म्हणजे शांतता पाळायचा डबा, मात्र मुलांसह घेऊ नये. आजोबांची झोप आणि नातवंडांचा पत्त्यांचा डाव यांचे त्या डब्यात जमणार नाही.

लंडन–एडिंबरा मार्गावर लुमो ही एकाच वर्गाची स्वस्त गाडीही आहे. ती यॉर्कला थांबत नाही आणि तिची सामानाची मर्यादा काटेकोर आहे. विमानप्रवासाच्या मोठ्या बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी ती सोयीची नाही.

विमानतळ ते शहर

उतरल्या दिवसासाठी ॲडव्हान्स तिकीट काढू नये, ही या लेखातली सर्वांत कडक सूचना. विमानाला उशीर झाला म्हणून चुकलेल्या गाडीची भरपाई रेल्वे देत नाही. शिवाय हीथ्रोवरील स्वयंचलित दरवाजे भारतीय पारपत्रधारकांसाठी नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत कधी अर्धा तास तर कधी दीड तास जातो. पहिली रात्र लंडनमध्येच काढावी.

हीथ्रोहून शहरात येण्यास तीन रेल्वे आहेत. भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संथ. हीथ्रो एक्सप्रेस पॅडिंग्टनला १५ मिनिटांत पोहोचवते, पण आयत्या वेळी काढल्यास महाग पडते. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन कुटुंबासाठी सर्वांत सोयीची: पॅडिंग्टन अर्ध्या तासाच्या आसपास, गाडी रुंद, आणि मध्य लंडनमधील नव्या स्थानकांवर लिफ्ट. तिथे किंवा भुयारी रेल्वेत तिकीट काढायची गरज नसते. व्हिसा किंवा मास्टरकार्डचे स्पर्शाने चालणारे कार्ड स्थानकात शिरताना व बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचे, मात्र प्रत्येक प्रौढाचे कार्ड वेगळे हवे. भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि स्पर्शव्यवहार सुरू करून घ्यावेत. प्रौढाबरोबर असलेली ११ वर्षांखालील चार मुले मोफत जातात. ११ ते १५ वयाच्या मुलासाठी ऑयस्टर कार्ड (लंडनच्या वाहतुकीसाठी आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड) घेऊन स्थानकातील कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्यावी, ती १४ दिवसांपर्यंत चालते.

लंडनमध्ये मध्यवर्ती असे एक स्थानक नाही. यॉर्क-एडिंबऱ्याची गाडी किंग्ज क्रॉसहून, मँचेस्टर व लेक डिस्ट्रिक्टची युस्टनहून, बाथ-कार्डिफची पॅडिंग्टनहून, सॉल्सबरीची वॉटर्लूहून, ब्रायटनची व्हिक्टोरियाहून सुटते. हॉटेल निवडताना शेवटच्या सकाळी सामान घेऊन कुठल्या स्थानकावर जायचे आहे तेही पाहावे.

गाडीच्या दिवशी

हमाल नसतात. फलाट क्रमांक गाडी सुटण्याच्या १०-१५ मिनिटे आधीच फलकावर येतो आणि मग सगळे प्रवासी एकदम धावत सुटतात. सुटण्याच्या वेळेपूर्वी मिनिट-दोन मिनिटे दरवाजे बंद होतात. ज्येष्ठांसाठी ‘पॅसेंजर असिस्ट’ ही मोफत सेवा आधी नोंदवली तर कर्मचारी त्यांना वेळेत डब्यापर्यंत पोहोचवतो. सहा जणांत चार मोठ्या बॅगा पुरेत. डब्याच्या टोकाला असलेली सामानाची जागा लवकर भरते, म्हणून दोघांनी पुढे चढून बॅगा लावाव्यात आणि बाकीच्यांनी मुलांना घेऊन मागून चढावे.

डबा उघडून खाण्यास कोणाची हरकत नसते. चिवडा, भाकरवडी, दशम्या भारतातून नेता येतात. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र ब्रिटनमध्ये आणण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे आणि श्रीखंड घरीच ठेवावे. मे महिना आहे म्हणून तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायची असेल तर ताज्या फळांचे तिथले नियम आधी तपासून पाहावेत.

गाडी उशिरा पोहोचली तर ‘डिले रिपे’ योजनेखाली भाड्याचा काही भाग परत मिळतो, बऱ्याच कंपन्यांत १५ मिनिटांच्या उशिरापासूनच. अर्ज २८ दिवसांच्या आत ऑनलाइन करायचा असतो, त्यामुळे प्रवास संपला तरी तिकिटाचे चित्र फोनमधून पुसू नये. विमानाचेही असेच आहे: ब्रिटनमधून निघणारे कोणत्याही कंपनीचे विमान कंपनीच्या चुकीने चार तासांहून अधिक उशिरा पोहोचले तर भारताएवढ्या अंतरासाठी प्रत्येकी ५२० पौंडांची भरपाई मागता येते. मुंबईहून जाताना हा नियम ब्रिटिश किंवा युरोपीय कंपन्यांच्या विमानांनाच लागू होतो.

परतीच्या आदल्या रात्री मुक्काम एडिंबऱ्यातच असावा. तिथल्या विमानतळाला रेल्वे स्थानक नाही. शहराच्या मध्यातून ट्राम निघते आणि अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात थेट विमानतळाच्या दाराशी सोडते. तिकीट चढण्यापूर्वी थांब्यावरच्या यंत्रातून घ्यावे, ट्राममध्ये ते महाग पडते. पहाटेचे विमान असेल तर पहिल्या ट्रामची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी, नाहीतर सहा जण आणि चार बॅगा मावतील अशी मोठी टॅक्सी रात्रीच सांगून ठेवावी.